विश्लेषण : १९६२ च्या युद्धाचा अंदाज १९५९ मध्येच मांडणारे जनरल थोरात एमपीएससीच्या खुर्चीवर कसे पोहोचले?

गडचांदूरच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींसाठी एमपीएससी म्हणजे जाहिरात, हॉलतिकीट, कटऑफ आणि लांबत जाणारा निकाल. आयोगाच्या अध्यक्षपदी कोण आहे, याच्याशी बहुतेकांना देणेघेणे नसते. पण याच खुर्चीवर एकेकाळी असा माणूस बसला होता, ज्याने चीन कुठून येईल, कसा येईल आणि त्याला कुठे अडवावे लागेल हे युद्धाच्या तीन वर्षे आधी लेखी कळवले होते. ते लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. लष्करात त्यांना एसपीपी थोरात म्हणत.

फौजेतून परतलेला माणूस पुढे काय करतो, हा चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरचा प्रश्न आहे. कोणी सिमेंट कारखान्याच्या सुरक्षेत लागतो, कोणी भद्रावतीच्या आयुध निर्माणीत, कोणी माजी सैनिक कोट्यातून तलाठी होतो. शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे, ते याचसाठी. थोरात यांची गोष्ट अर्थातच वेगळ्या पायरीवरची. तरी वर्दी उतरवल्यावर आपल्या अनुभवाला कोण विचारणार, हा पेच त्यांनाही चुकला नाही. त्यांच्या बाबतीत तो जरा जास्तच कडवट होता.

थोरात मूळचे कुठले?

कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे. जन्म १२ ऑगस्ट १९०६. इंग्रजांच्या फौजेत तेव्हा हिंदी माणूस सुभेदारापर्यंत चढू शकत होता, पण अधिकाऱ्याचे खरे कमिशन इंग्लंडमधल्या सँडहर्स्टमधूनच मिळायचे आणि तिथे हिंदुस्थानी मुलांसाठी वर्षाला १० जागा. आख्ख्या देशाला १०! थोरात तिथे निवडले गेले आणि १९२६ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले.

त्यांना १४ व्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण मिळाली. ही पलटण म्हणजे पुढच्या इतिहासाचा एक वर्गच म्हणायला हवा. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयुब खान याच पलटणीतले. आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे कॅप्टन मोहन सिंग हेही इथलेच. एकाच मेसमध्ये जेवणारी माणसे वीस वर्षांत तीन वेगळ्या वाटांनी गेली. थोरात यांची वाट सरळ होती. सरहद्द प्रांतातील वझिरीस्तान, मग महायुद्ध.

कांगावची टेकडी आणि तीन कमांडर

जानेवारी १९४५. ब्रह्मदेशच्या आराकान किनाऱ्यावर कांगाव नावाचे ठिकाण आहे. माघार घेणाऱ्या जपानी फौजेचा रस्ता तिथून जात होता. तो तोडायची जबाबदारी ज्या फौजांवर होती, त्यात ५१ वी ब्रिगेड होती. या ब्रिगेडच्या तिन्ही पायदळ पलटणींचे प्रमुख हिंदी होते, त्या काळात ही दुर्मीळ गोष्ट. के. एस. थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरात यांच्याकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. महिनाअखेरीस मेलरोज असे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीवर त्यांच्या जवानांनी संगिनी लावून चढाई केली आणि ती घेतली. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळाले.

ही तीन नावे लक्षात ठेवा. १४ वर्षांनी थिमय्या लष्करप्रमुख असतील, थोरात पूर्व सीमेचे प्रमुख. आणि १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत येतील ते एल. पी. सेन. एका टेकडीखाली उभे राहिलेले तिघे, पण एकाचा अंदाज दुसऱ्याने उचलून धरला आणि त्याची किंमत तिसऱ्याच्या कारकिर्दीत चुकती झाली.

कोरियात सैनिकाला पोलिस, वकील आणि यजमान व्हावे लागले

थोरात यांच्या नागरी आयुष्याची तयारी कुठे झाली असे विचारले, तर उत्तर कोरिया असे द्यावे लागेल.

कोरियन युद्ध जुलै १९५३ मध्ये थांबले. प्रश्न उरला युद्धकैद्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे पकडलेल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियन सैनिकांना मायदेशी परत जायचे नव्हते, किंवा जायचे नाही असे ते सांगत होते. खरे काय, हे ठरवण्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षपदी भारत. आयोगाचे अध्यक्ष होते थिमय्या. प्रत्यक्ष कैद्यांना सांभाळायची जबाबदारी भारतीय रक्षक दलाकडे होती आणि त्याचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात.

अडचणींची सुरुवात जहाजातून उतरण्यापासूनच झाली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. मग इंचॉन बंदरात जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून हजारो जवानांना थेट दोन्ही कोरियांमधल्या लष्करमुक्त पट्ट्यात उतरवण्यात आले. तिथल्या तळाचे नाव ठेवले हिंद नगर.

ताब्यात आलेले कैदी २२,६०४. त्यातले १४,७०४ चिनी, बाकी उत्तर कोरियन. दुसऱ्या बाजूकडून आलेले ३५९, त्यात २३ अमेरिकन आणि १ ब्रिटिश. तारेच्या कुंपणाआड कैद्यांच्या स्वतःच्या संघटना, स्वतःचे पुढारी. कोणी घरी जायचे म्हटले तर रात्रीतून त्याचा मुडदा पडण्याची भीती. बाहेरून दोन्ही महासत्तांचे आरोप. एका बाजूला वाटे भारत कम्युनिस्टांना झुकते माप देतो, दुसऱ्या बाजूला वाटे अमेरिकेला.

अशा वातावरणात सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरले. सैनिकी उत्तर सोपे होते. कुंपण फोडायचे आणि गोळीबार करायचा. शेकडो मेले असते आणि तटस्थ भारताचे नाव तिथेच संपले असते. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह, शस्त्राशिवाय आत गेले. चवताळलेला जमाव भोवती गोळा झाला. घोषणा सुरू होत्या. थोरात यांनी त्यांना पाहुणचाराची आठवण करून दिली. घरी आलेल्या पाहुण्याला तुमच्यात साधी सिगारेटही विचारत नाहीत का, असा काहीसा टोमणा होता तो. कोणीतरी सिगारेट पुढे केली, मग चहाही आला. रागाला बसायला जागा मिळाली. बोलणी झाली आणि ग्रेवाल बाहेर आले.

हा प्रसंग थोरात यांच्या धाडसाचा म्हणून सांगितला जातो. तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. समोरचा माणूस शत्रू नाही, कैदी आहे आणि आपण त्याचे जेलर नाही, राखणदार आहोत, हा फरक त्यांनी ऐन गोंधळात सोडला नाही. आदेश देऊन काम होत नसेल तिथे काय करायचे, हे फौजेत फारसे शिकवत नाहीत. कोरियात ते शिकावे लागले.

जानेवारी १९५४ मध्ये कैदी सुपूर्द केल्यावर दल परतले. थोरात यांना अशोक चक्र, वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्ती चक्र मिळाले. त्याच वर्षी पद्मश्रीही.

१९५९ : नेमके काय लिहिले होते?

आता मुख्य भाग. १९५७ पासून थोरात लखनौला पूर्व कमांडचे प्रमुख होते. आजचा अरुणाचल प्रदेश तेव्हा नेफा म्हणून ओळखला जायचा आणि गंमत म्हणजे तो लष्कराच्या ताब्यात नव्हताच. त्याचा कारभार परराष्ट्र मंत्रालय पाहायचे, सीमेवर आसाम रायफल्सच्या छोट्या चौक्या असायच्या.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. २५ ऑगस्टला नेफातील लोंगजू चौकीवर चिनी सैन्याने हल्ला केला. त्यानंतर नेफाची जबाबदारी लष्कराकडे आली. त्याच ऑगस्टच्या अखेरीस दिल्लीत वेगळाच स्फोट झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने लष्करप्रमुख थिमय्या यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला.

या सगळ्या धामधुमीत, ८ ऑक्टोबर १९५९ रोजी, थोरात यांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा लष्करी मुख्यालयाला पाठवला. पुढे तो थोरात प्लॅन म्हणून ओळखला गेला. तारीख पाहा. आणखी तेरा दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, लडाखमध्ये चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलिस शहीद झाले. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पोलिस मुख्यालयात दरवर्षी २१ ऑक्टोबरला जो पोलिस स्मृतिदिन पाळला जातो, तो याच घटनेचा.

आराखड्याचा गाभा समजायला लष्करी ज्ञान लागत नाही. वाहतुकीचे साधे गणित पुरेसे आहे.

सीमेच्या पलीकडे तिबेटचे पठार आहे. तिथे चीनने जवळपास सीमेपर्यंत रस्ते नेले होते. अलीकडे आपल्या बाजूला आसामचे सपाट मैदान, मग एकदम उभे डोंगर. तेजपूरहून तवांगकडे निघाले की आधी बोमडिला, मग सुमारे १३,७०० फुटांवरची से ला खिंड, मग तवांग, आणि त्याच्याही पुढे सीमा. त्यावेळी या वाटेवर धड रस्ता नव्हता. सीमेवरच्या एका जवानाला पोसायचे तर त्याचे पीठ, रॉकेल, गोळ्या, गरम कपडे हे सगळे खेचरांच्या पाठीवर, हमालांच्या डोक्यावर किंवा विमानातून टाकून पोहोचवायचे. जितके पुढे जाल तितका पुरवठा पातळ होत जातो. शत्रूचे उलट. तो सीमेवर ताकदीने उभा असतो, पण डोंगर उतरून जितका आत येईल तितकी त्याची रसद लांबत जाते आणि हिवाळ्यात बर्फाने खिंडी बंद झाल्या की त्याची पंचाईत होते.

मग लढायचे कुठे? थोरात यांचे उत्तर असे की, मॅकमोहन रेषेवर, म्हणजे थेट सीमेवर, मोठी फौज मांडू नये. तिथे फक्त टेहळणीच्या चौक्या ठेवाव्यात. शत्रू आला की त्यांनी खबर द्यावी, जमेल तेवढा उशीर घडवावा आणि मागे यावे. खरी लढाई मागच्या, बोमडिलासारख्या ठिकाणांच्या ओळीत द्यावी, जिथवर आपला रस्ता पोहोचतो, तोफा पोहोचतात आणि जिथे येईपर्यंत शत्रूची दमछाक झालेली असते. त्यासाठी किती फौज, किती रस्ते आणि किती सामान लागेल हेही त्यात होते. आणि सध्या जे हाताशी आहे ते पुरणारे नाही, हेही.

शेवटचे वाक्य सर्वात महत्त्वाचे होते. कारण ते वाचल्यावर कोणाला तरी खर्चाला मंजुरी द्यावी लागणार होती.

कागदावरची लढाई आणि फाइलचा प्रवास

आराखडा पाठवून थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी लाल किला नावाचा युद्धसराव घेतला. अशा सरावात एक गट शत्रूची भूमिका घेतो, दुसरा आपली, आणि हाताशी असलेल्या साधनांनिशी काय घडेल ते टप्प्याटप्प्याने पाहिले जाते. लष्करप्रमुख थिमय्या आणि मुख्यालयातील वरिष्ठ अधिकारी हजर होते. निष्कर्ष आराखड्यातलाच निघाला. आहे त्या बळावर नेफा राखता येणार नाही.

थिमय्या यांनी आराखड्याला पाठिंबा देऊन तो संरक्षणमंत्र्यांपुढे ठेवला. मेनन यांचे मत वेगळे होते. चीनशी युद्ध होणार नाही, झालाच तर वाद आपण राजनैतिक पातळीवर सोडवू, आणि खरा धोका पाकिस्तानचा आहे, ही त्यांची धारणा होती. थोरात विनाकारण भीती पसरवत आहेत, असा त्यांचा सूर होता. आराखडा बाजूला पडला.

मेनन यांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि बहुतेक लेखांत तेच केले जाते. पण त्या काळचे राजकारणही पाहायला हवे. संसदेत विरोधक सरकारला धारेवर धरत होते. एक इंचही भूमी सोडणार नाही, ही भाषा सगळीकडे होती. अशा वेळी तवांग सुरुवातीलाच सोडून मागे येऊन लढा, असे सांगणारा कागद कोणत्याही मंत्र्याला अवघडच वाटला असता. आराखडा लष्करी दृष्टीने शहाणपणाचा होता आणि राजकीय दृष्टीने जवळपास अशक्य. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. चूक अशी की, तो अशक्य आहे हे मान्य केल्यावर दुसरा पर्याय म्हणून जास्त फौज आणि जास्त रस्ते द्यायला हवे होते. तेही दिले गेले नाहीत. उलट १९६१ च्या अखेरीपासून पुढे पुढे चौक्या नेण्याचे धोरण आले. म्हणजे थोरात जे करू नका म्हणत होते, नेमके ते.

१९६१ : एकाच महिन्यात दोघे बाहेर

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यांना लष्करप्रमुख करावे, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने जनरल पी. एन. थापर यांची निवड केली. थापर सेवाज्येष्ठ होते, त्यामुळे नियमाच्या चौकटीत या निवडीला बोट लावता येत नाही. मात्र तीन वर्षे पूर्व सीमेचा अभ्यास केलेला माणूस आणि त्याच्या अभ्यासावर विश्वास असलेला प्रमुख, दोघेही एकाच वेळी व्यवस्थेबाहेर गेले. थोरात यांचे वय तेव्हा ५४. सुमारे ३५ वर्षांची नोकरी संपली होती.

पूर्व कमांडवर आले एल. पी. सेन. कांगावचे जुने सोबती.

जनरलला एमपीएससीचे अध्यक्ष कसे करता आले?

निवृत्तीनंतर थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना इथे राज्यघटनेची उजळणी करायला हरकत नाही.

लोकसेवा आयोगांची तरतूद अनुच्छेद ३१५ मध्ये आहे. राज्य आयोगाच्या अध्यक्षाची नेमणूक अनुच्छेद ३१६ नुसार राज्यपाल करतात. शक्यतो निम्मे सदस्य असे असावेत की ज्यांनी केंद्र किंवा राज्य शासनाखाली किमान १० वर्षे पद सांभाळले आहे. हे पद मुलकीच असले पाहिजे असे घटना म्हणत नाही, लष्करी सेवाही त्यात बसते. मुदत ६ वर्षे किंवा वयोमर्यादा, जे आधी येईल ते. राज्य आयोगासाठी ही मर्यादा तेव्हा ६० वर्षे होती, १९७६ च्या ४१ व्या घटनादुरुस्तीने ती ६२ झाली. आणि अनुच्छेद ३१९ सांगतो की, राज्य आयोगाचा अध्यक्ष पद सोडल्यावर केंद्रीय आयोग किंवा दुसऱ्या राज्याचा आयोग सोडला तर इतर सरकारी नोकरी करू शकत नाही. कारण उघड आहे. पुढच्या नोकरीवर डोळा ठेवून कोणी आज कोणाची भरती करू नये.

थोड्या वेगळ्या शब्दांत सांगायचे तर ही खुर्ची मुद्दाम अशा माणसासाठी बनवलेली आहे, ज्याला आता कोणाकडून काही मिळवायचे उरलेले नाही. वरिष्ठांना न आवडणारा कागद सहीनिशी पाठवलेला जनरल या वर्णनात चपखल बसतो.

काळही साधा नव्हता. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि आयोगही तेव्हाचाच. राज्य तीन वेगवेगळ्या कारभारांच्या तुकड्यांतून शिवलेले होते. मुंबई इलाख्याची पद्धत वेगळी, जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडची वेगळी, हैदराबादची आणखी वेगळी. गडचांदूरचेच पाहा. राजुरा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. इथल्या जुन्या कारकुनाने तीन वर्षांत तीन जिल्ह्यांचे शिक्के पाहिले असणार. त्यातच १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्यासाठी अधिकाऱ्यांची फळी लागणार होती. कोणत्या भागातला, कोणत्या जातीचा, कोणाच्या ओळखीचा हे न पाहता ती निवडायची, हे आयोगाचे काम.

फौजेत निवड मंडळाची पद्धत असते. उमेदवाराला केवळ काय येते ते नाही, तो अडचणीत कसा वागतो तेही पाहिले जाते. एमपीएससीच्या मुलाखतीतही काही प्रमाणात तेच तपासले जाते. फरक एवढाच की जनरलच्या समोर आता सावधान उभा राहणारा कॅडेट नसे. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, घाम पुसणारा पदवीधर असे.

ऑक्टोबर १९६२ : फाइल पुन्हा उघडली

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. नेफात नामका चू नदीच्या खोऱ्यात, सीमेला चिकटून मांडलेली सातवी ब्रिगेड काही तासांत मोडली. चार-पाच दिवसांत तवांग गेले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या टप्प्यात से ला आणि पाठोपाठ बोमडिला. २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःहून युद्धबंदी जाहीर केली.

या दरम्यान, ऑक्टोबरच्या अखेरीस, नेहरूंनी थोरात यांना दिल्लीला बोलावून घेतले. थोरात यांनी आत्मचरित्रात या भेटीचे वर्णन केले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार, १९५९ च्या आराखड्याचा विषय निघाला तेव्हा हा कागद आपल्यापर्यंत आलाच नव्हता, असे पंतप्रधानांनी सांगितले. मेनन यांनी तो का दाखवला नाही, हा प्रश्न त्या खोलीत होता आणि उत्तर देणारा तिथे नव्हता. ही हकीकत एका बाजूची आहे हे लक्षात ठेवून वाचावी लागते. पण थिमय्या यांनी आराखडा वर पाठवला होता आणि त्यावर काही झाले नाही, याबद्दल वाद नाही.

मेनन यांच्याकडून संरक्षण खाते गेले, काही दिवस ते संरक्षण उत्पादन मंत्री म्हणून राहिले आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाबाहेर पडले. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या जागी मुंबईत मुख्यमंत्री झाले मारोतराव कन्नमवार, चंद्रपूरचे. हिमालयात आपल्या फौजेची फळी कोसळली आणि त्याचा एक धागा थेट मूलच्या मातीपर्यंत आला. जिल्ह्याला पहिला मुख्यमंत्री मिळाला तो असा. कन्नमवार यांचे वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच निधन झाले.

नोव्हेंबर १९६२ मध्येच नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय संरक्षण परिषद स्थापन झाली. तीत निवृत्त सेनानींनाही जागा मिळाली. थिमय्या आणि थोरात. जे वर्दीत असताना ऐकले गेले नाही, ते आता साध्या कपड्यांत, टेबलाभोवती बसून सांगायचे होते.

या परिषदेबद्दल अवास्तव कल्पना नको. ते सल्लागार मंडळ होते. तिला फौज हलवण्याचा, पैसे मंजूर करण्याचा अधिकार नव्हता. नाव मोठे, सदस्य पुष्कळ, त्यात राजकारणी आणि नामवंत. संकटाच्या काळात देश एकत्र आहे हे दाखवण्याचाही तिचा उपयोग होता. तरीही निवृत्त सैनिकाचे ज्ञान ही देशाची ठेव आहे, ती पेन्शनच्या चेकबरोबर वाटेला लावायची नसते, एवढी कबुली त्या नेमणुकीत होती. उशिरा आलेली, पण होती.

बदल इतरत्र झाले. फौजेचा आकार वाढवायचे ठरले, डोंगराळ लढाईसाठी वेगळ्या माउंटन डिव्हिजन उभ्या राहिल्या. दारूगोळ्याची टंचाई उघडी पडली होती, म्हणून आयुध निर्माणींचे जाळे वाढवले गेले. भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी, भंडारा आणि नागपूरची अंबाझरी ही विदर्भातली नावे त्याच दशकातली. गडचांदूरहून कोणी भद्रावतीला आयटीआय करून ट्रेड अप्रेंटिस म्हणून लागते, तेव्हा त्या नोकरीचे मूळ कुठेतरी १९६२ च्या त्या महिन्यात असते.

आराखडा मानला असता तर युद्ध जिंकले असते का?

हा प्रश्न सोशल मीडियावर दर ऑक्टोबरमध्ये फिरतो आणि उत्तरही तयार असते. हो, जिंकले असते. इतके सोपे नाही.

नेफासाठी १९५९ च्या अखेरीस चौथी डिव्हिजन अंबाल्याहून हलवण्यात आली. सपाट पंजाबात लढायला तयार केलेली ही फौज थेट डोंगरात आली. एवढ्या लांब सीमेला एक डिव्हिजन अपुरी होती. थोरात यांची मागणी पूर्ण करायला रस्ते बांधावे लागले असते आणि डोंगरात रस्ता दोन हंगामांत होत नाही. बोमडिलाच्या ओळीवर लढाई द्यायची असती, तरी तिथवर तोफा, दारूगोळा आणि थंडीचे कपडे आधी पोहोचायला हवे होते. हे सगळे १९५९ मध्ये मंजूर झाले असते तर १९६२ पर्यंत बरेचसे झाले असते. आराखड्यापेक्षा ती गेलेली तीन वर्षे जास्त महाग पडली.

पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा एक भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा पुन्हा काही दिवस चर्चा झाली.

पुढचे दिवस

थोरात यांनी आपली बाजू मांडायला घाई केली नाही. इंग्रजीतले त्यांचे आत्मचरित्र, फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट, १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाला तेव्हा २४ वर्षे झाली होती. नेहरू, मेनन, थिमय्या, चव्हाण यांपैकी कोणीही हयात नव्हते. त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला दुजोरा देणारा किंवा ते खोडणारा समोरचा साक्षीदार उरला नाही, ही या पुस्तकाची मर्यादाही आहे. नावातला रेव्हेली म्हणजे छावणीत पहाटे वाजणारा बिगुल, रिट्रीट म्हणजे सूर्यास्ताला झेंडा उतरवतानाचा. 

१० ऑगस्ट १९९२ रोजी थोरात यांचे निधन झाले. ८६ व्या वाढदिवसाला दोन दिवस बाकी होते.